टिकल्यांचा नकाशा

सर,

गेल्या सोमवारी शाळा उघडली आणि पहिल्या दोन तासांत तुमची शोकसभा झाली. त्या सभेत तुम्हांला माफ करण्यात आलं.

संस्थेचे एक सदस्य आले होते. ते म्हणाले, "माणूस मोठा. ती एक भूकंपाच्या नकाशाची चूक सोडली, तर सरांच्या हातून कधी काही वावगं झालं नाही. आणि आता तेही आपण विसरायला हवं." सगळ्यांनी माना हलवल्या. मुख्याध्यापकांनी हलवली. मी दुसऱ्या रांगेत खिडकीकडेला बसले होते. माझीही हलली.

मग दोन मिनिटं उभं राहायचं होतं. तो नकाशाचा फोटो मी पाठवला होता, तुम्ही नाही, हे त्या हॉलमध्ये एकट्या मला ठाऊक होतं. दोन मिनिटं पुष्कळ असतात. काहीतरी बोलता आलं असतं. मी समोरच्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिले. नववी अ, चौथा तास, भूगोल, आणि पुढे अजून तुमचंच नाव.

शाळा तुमच्यावर छोटी स्मरणिका काढते आहे. प्रत्येकाला एक पान दिलंय. माझं एका पानात बसणार नाही, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं आहे.

तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. मे महिन्यात, डहाणूला घरी, मी भेंडी चिरत होते. फुलांचं एक चित्र आलं आणि त्याच्या मधोमध तुमचा ओळखपत्रावरचा फोटो. मी फोन उपडा ठेवला आणि राहिलेली भेंडी चिरली. आईनं विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, आमचे सर गेले. कुठले? भूगोलाचे. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सुरी धुतली.

दुपारी चिखल्याला तुमच्या घरी आले. काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तूच ना ती नकाशावाली? फार नाव घ्यायचे तुझं." मी हो म्हटलं. त्यांनी हात बराच वेळ सोडला नाही, आणि मला सारखं वाटत होतं की आता हात सोडवून घ्यायला हवा. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. लोक म्हणतात उशिरा येतं. मी वाट बघणं सोडलंय.

दोन हजार सोळाच्या जूनमध्ये मी तुमच्या हाताखाली आले. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला करार नवा झाला तर पुढचं वर्ष, नाही तर घरी. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पदवीला भूगोल, पण सगळा इंग्रजीतून. पहिल्याच तासाला फळ्यावर डोंगर काढला आणि 'कंटूर म्हणजे ते, सारख्या उंचीच्या ज्या...' असं म्हणत अडकले. तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात. मध्ये बोलला नाहीत. डबा खाताना मात्र वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलंत. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. समोच्च रेषा, रूढ चिन्हं, पाणलोट, प्रमाण. अक्षर इतकं बारीक की सगळे शब्द एका पानात मावले होते.

"पोरांना कळू देऊ नकोस तुला येत नाहीत ते," तुम्ही म्हणालात. "दोन दिवसांत शिकवतील, आणि वर्षभर चिडवतील."

पोरांना कळलंच. त्यांनी चिडवलंही. पण शिकवलं तुम्ही.

तुमच्याबरोबर वाद घालता येतो, हे कळायला मला वर्ष लागलं. मी कुणाशीच वाद घालत नाही. मनात घालते. तुमच्याशी पहिल्यांदा मोठ्यानं वाद घातला तो आठवीच्या नकाशांवरून. मुलांना घर ते शाळा असा नकाशा काढायला सांगितला होता. अर्ध्या वर्गानं डोंगर कागदाच्या वरच्या बाजूला काढले आणि समुद्र तळाला. रेल्वे आडवी. मी एकेक कागद घेऊन बाजूला वळवत होते आणि लाल पेनानं वर 'उत्तर' लिहीत होते. तुम्ही पेन काढून घेतलंत.

"चुकलंय, सर. पूर्व वर घेतली आहे."

"घरात काय बोलतात ते? खाली डहाणूला जातो. वर डोंगराला जातो. पाय जिकडे चढतो ते वर."

"परीक्षेत मार्क जातील."

"परीक्षेला दोन वर्षं आहेत. तुला कुठे गाडी पकडायची आहे?"

मग तुम्ही एका मुलीचा कागद अंगणात आणून जमिनीवर ठेवलात आणि तिला म्हणालात, डोंगर खऱ्या डोंगराकडे कर. तिनं कागद फिरवला. आता सूर्य कुठून येतो ते दाखव. तिनं दाखवलं. आता पेपर काढणारे साहेब कुठे उभे राहतात माहीत आहे? इथे. असं म्हणून तुम्ही स्वतः दक्षिणेला जाऊन उभे राहिलात. त्यांना बघायचंय म्हणून कागद त्यांच्याकडे फिरव. वर्ग हसला, पण उत्तर कुठली ते त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही. मला तेव्हा राग आला होता. मी तीन आठवडे जे लाल पेनानं करत होते, ते तुम्ही पाच मिनिटांत केलंत.

आणि मग दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली.

बाहेरच्यांना हे समजावून सांगणं कठीण आहे. मोठा भूकंप एकदा येतो आणि जातो. आमच्याकडे, डहाणू-तलासरीच्या आतल्या गावांत, तो रोज येत होता. कधी दिवसातून चार वेळा. आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग पत्रे वाजायचे. घरांना भेगा पडल्या. माणसं अंगणात झोपायला लागली. वर्गात कुणाच्या हातून डस्टर पडला तरी मुलं दाराकडे पळायची. मी त्यांच्या आधी पळायचे, हे तुम्ही पाहिलं होतं आणि कधी बोलून दाखवलं नाहीत.

तुम्ही नववीला वह्या करायला लावल्या. धक्का बसला की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, तू कुठे होतास, काय हललं, आवाज कुठून आला. "भूकंप मोजायला सरकारची यंत्रं आहेत," तुम्ही वर्गाला सांगितलंत. "पण रविताच्या घरातला हंडा हलला की नाही, ते रविताशिवाय कुणाला ठाऊक? ती पण माहितीच." लिहायला लागल्यावर मुलं पळायची थांबली. धक्का बसला की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची.

मग ती माहिती नकाशावर घ्यायची ठरली. तलाठ्याकडून गावनकाशे मिळवून आम्ही ते बटर पेपरवर उतरवले आणि मोठ्या कार्डशीटवर जोडले. ठिपके रंगवायचे होते, पण रंग ओघळत होता. टिकल्यांची कल्पना रविताची. कपाळाला लावायच्या टिकल्या. मोठी मरून म्हणजे भांडं पडलं. मधली लाल म्हणजे दार वाजलं. बारीक काळी म्हणजे नुसतं जाणवलं. तलासरीच्या बाजारातून टिकल्या आणायला मुलं गेली, तर दुकानदारानं विचारलं, "काय रे, लग्न ठरलं काय कुणाचं?" तेव्हापासून ती मुलं जाईनात, मुलीच आणायच्या. पहिलं पाकीट नकाशावर न जाता मुलींच्या कपाळावर संपलं. तुम्ही म्हणालात, बरं झालं, चिकटतात की नाही ते तपासून झालं.

डिसेंबरमध्ये तो नकाशा पाहण्यासारखा झाला होता. रविताचा उंबरपाडा जवळजवळ मरून झाला होता. पलीकडे, ओढ्याच्या त्या अंगाला, एकच काळी टिकली.

मी तुम्हांला म्हटलं, "सर, हे बाहेर दाखवू या. तहसीलला, कुणालातरी."

"अजून नाही. हा नकाशा अजून शिकतोय."

"नकाशा काय शिकणार?"

"उंबरपाड्यात एवढ्या टिकल्या का?"

"तिथे जास्त जाणवतो म्हणून."

"तिथून आपल्याकडे नऊ पोरं येतात. ओढ्यापलीकडून एक येतो, आणि तो वही घरी विसरतो. या टिकल्या भूकंपाच्या आहेत की आपल्या पोरांच्या?"

मला ते कळलं. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण न कळून केलं असतं तर सांगायला सोपं झालं असतं. मला कळलं होतं. तरी दोन दिवसांनी, तुम्ही रजेवर असताना, मी कपाटातून नकाशा काढला, एका हातानं कोपरा धरला, दुसऱ्या हातानं फोटो घेतला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, माझ्या मुलांचं काम. मला कुणी कधी काही केलं म्हणून ओळखत नाही. मामा, मावश्या, मामेभावंडं. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. माझे वापीचे मामा म्हणाले, वा, पुढे पाठवतो.

तो फोटो चौथ्या दिवशी उंबरपाड्यात पोचला. तोवर कुणीतरी पाड्याभोवती लाल गोल काढला होता आणि हिंदीत एका माणसाचा आवाज जोडला होता. या ठिकाणी आठ दिवसांत जमीन फाटणार आहे, सरकार लपवत आहे, जीव प्यारा असेल तर निघा. पाड्यातली नऊच्या नऊ मुलं शाळेत आली नाहीत.

आपण तिघं गेलो, मुख्याध्यापक, तुम्ही आणि मी. रविताच्या अंगणात सगळा पाडा जमला होता. अर्ध्या लोकांनी बोचकी बांधून ठेवली होती. रविताचे वडील पुढे आले, हातात फोन.

"हा कागद शाळेतला ना? माझ्याच पोरीनं टिकल्या लावल्यात, ती सांगते. मग हा भायेर कोणी पाठवला?"

तुम्ही फोन घेतलात. आधी लांब धरलात, मग जवळ. फोटोच्या कोपऱ्यात अंगठा होता, नखावर अर्धवट निघालेलं मरून नेलपॉलिश. मी हात ओढणीखाली घेतले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. फोन परत दिलात आणि म्हणालात, "मी."

तुमच्या खिशात बटणांचा फोन होता. त्यातून फोटो जाणार कसा, हे रागाच्या भरात कुणी विचारलं नाही. रविताच्या वडिलांनी तुम्हांला जे ऐकवलं ते मी शब्दाशब्दानं ऐकलं आहे. "तुमचं घर दर्याकाठी. तिकडं काय हालत नाय. आमच्या पोरांना धरून खेळ मांडलात. मास्तर म्हणवता? तुमची पोर असती इथं, तर टिकल्या लावल्या असत्या?" तुम्ही दोनदा म्हणालात, चूक झाली. मग त्यांना समजावत बसलात, की असं कुणालाच आधी सांगता येत नाही, आठ दिवस कुणी मोजू शकत नाही. पण चूक झाली म्हणणाऱ्याचं पुढचं कोण ऐकतो?

परत येताना रिक्षात मुख्याध्यापक पुढे बसले होते. आपण मागे. बराच रस्ता गेल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "तुझा करार जूनपर्यंत ना?"

"हो."

"मग जूनपर्यंत गप्प राहा. जूनमध्ये बघू."

मी गप्प राहिले. मला ते फार चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नववीला टिकल्या मोजायला लावल्या. कुठल्या पाड्यातून किती मुलं, कुणी किती दिवस वही लिहिली, एकेका मुलामागे टिकल्या किती. फळ्यावर कोष्टक झालं आणि उंबरपाडा इतर पाड्यांसारखाच निघाला. एकानं विचारलं, म्हणजे आपणच तिथं भूकंप लावला का सर? मी आजवर पाहिलेला तो सगळ्यांत चांगला तास होता. ज्यांच्यासाठी होता ती नऊ मुलं मात्र वर्गात नव्हती.

आपला वाद तिथेच राहिला. नकाशा बाहेर न्यावा की नाही. मला अजूनही वाटतं, तो कपाटात ठेवण्यासाठी नव्हता. खाली फक्त एक ओळ हवी होती, कुठल्या पाड्यात किती मुलांना विचारलं त्याची. ती ओळ घालून आपण तो पंचायतीच्या भिंतीवर लावायला हवा होता, लाल गोल घेऊन फिरणाऱ्या त्या फोटोच्या उत्तरादाखल. जानेवारीत हे मला सुचलं. तुम्ही म्हणाला असतात, आता आपल्या हातचा कागद बघून लोक पळतील. मी म्हटलं असतं, म्हणूनच. मी बोललेच नाही. तुमच्याशी वाद घालायचा माझा हक्क मी त्या अंगणात ठेवून आले होते, असं मला वाटायचं.

आठ दिवस गेले, जमीन फाटली नाही. महिनाभरात एकेक करून आठ मुलं परत आली. रविता आली नाही. तिच्या आईवडिलांनी घर बंद केलं आणि तिला घेऊन ते समुद्राकडे, चिखल्याजवळच्या एका चिकूच्या वाडीत कामाला जाऊन राहिले. तुमच्या घरापासून सायकलनं दहा मिनिटं. तुम्ही रविवारी जाऊन यायचात. सोमवारी मी विचारायचे, काय म्हणाले? तुम्ही म्हणायचात, नाही म्हणाले. का? भीती. मग तुम्ही पिशवीतून गठ्ठा काढून वह्या तपासायला बसायचात. नववीची परीक्षा तिच्याशिवाय झाली. तुम्ही मेच्या सुट्टीतही जात होतात, हे मला काकूंकडून कळलं.

हे सगळं शोकसभेत उभी असताना माझ्या डोक्यात होतं, आणि मी वेळापत्रक वाचत होते.

मंगळवारी सकाळी मी मुख्याध्यापकांकडे गेले. सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, तुमचा नवा करार कालच झालाय. सर गेले. आता कुणाला त्याचा फायदा?" मग म्हणाले, "मला थोडा संशय होता. त्यांना साधा मेसेज लिहायचा तर माझ्याकडे यायचे." मी विचारलं, मग काल तुम्ही मान का हलवलीत? ते म्हणाले, तुम्ही का हलवलीत?

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी चिकूच्या वाडीत गेले. रविताची आई झाडाखाली बसून चिकू निवडत होती. लहान एकीकडे, मोठे एकीकडे. रविता क्रेट उचलून आत नेत होती. मला पाहून ती थांबली, मग पुन्हा चालायला लागली. उंची वाढली आहे तिची.

"गुरुजी गेले ना," आई म्हणाली. "आमाला शेठनं सांगितलं."

"मी रविताला शाळेत परत..."

"गुरुजी पण तेच बोलायचे. तिथंच बसायचे, त्या क्रेटवर. पाणी प्यायचे. तिचा बाप बोलायचा, ज्यानं पोरीला घाबरवलं त्याच्याच हातात पोरगी परत देऊ काय? मग उठायचे. दुसऱ्या रविवारी परत सायकल."

भीती, असं तुम्ही मला सांगत होतात. भूकंपाची, असं मी समजत होते. ते लोक जमिनीला भीत नव्हते. त्यांचा तुमच्यावर विश्वास नव्हता, आणि तुमच्याशिवाय तिला न्यायला येणारं कुणी नव्हतं.

वाटेत मी मनात सगळं इंग्रजीतून जुळवलं होतं. तोंडातून मराठी फार थोडं निघालं. "तो फोटो मी पाठवला होता. सरांनी नाही."

तिचे हात थांबले नाहीत. एक लहान, दोन मोठे, एक लहान. मग म्हणाली, "मग तवा का नाय बोललात?"

"नोकरी गेली असती."

"हां." आणखी दोन चिकू. "इकडं पोरीची शाळा गेली."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

रविताचे वडील विहिरीकडून आले. त्यांच्या बोलीत तिनं त्यांना सांगितलं. मला सगळं कळलं नाही, पण 'गुरुजी' हा शब्द तीनदा आला. ते खाली बसले, हात गुडघ्यांवर.

"मी त्यांना काय काय बोललो, तेवा तुमी तिथंच हुतात."

"हो."

"ऐकत हुतात."

"हो."

"नी मग किती रविवार मी परत तेच ऐकवलं त्यांना. इथं. पाणी देऊन ऐकवलं." त्यांनी खाली घरंगळलेला एक चिकू उचलून ढिगात ठेवला. "आता मी कोणाकडं जाऊ?"

चिकू निवडण्याचा आवाज येत राहिला. शेवटी तेच म्हणाले, "रविवारी पाड्यात या. जिथं मी बोललो तिथंच सांगा. लिहून आणा. नाय तर तिथं पण गप बसाल."

मी लिहून नेलं. चार ओळी झाल्या. शाळेच्या वहीचं पान वापरलं.

काल रविवारी दुपारी पाडा जमला. डिसेंबरइतकी माणसं नव्हती, बरीच कामाला गेली होती. रविताचं घर उघडलं होतं, आणि भिंतीतली भेग मातीनं बुजवलेली दिसत होती. मी उभी राहून वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला माझा आवाज गेला. खोकले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेला. रविताच्या वडिलांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि मुलीकडे दिला. "वाच."

रवितानं वाचलं. तुमच्या वर्गात वाचायची तसं, कागद छातीशी धरून, शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात. नकाशाचा फोटो मी काढला. सरांनी नको म्हटलं असूनही मी तो बाहेर पाठवला. सरांनी माझं नाव वाचवण्यासाठी दोष स्वतःवर घेतला. उंबरपाड्यात इतर पाड्यांपेक्षा जास्त धक्के बसत नव्हते, तिथे आमची मुलं जास्त होती. मग ती थांबली आणि म्हणाली, "खाली मॅडमची सही आहे."

एक बाई उठून पाणी भरायला गेली. मला वाटलं होतं लोक ओरडतील, किंवा कुणी म्हणेल जाऊ दे पोरी. दोन्ही झालं नाही. ओट्यावर रविताची आजी बसली होती, तिला नीट ऐकू येत नाही. तिनं शेजारणीला विचारून सगळं पुन्हा समजून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग आता त्या गुरुजीला कोण सांगल?"

सगळे रविताच्या वडिलांकडे बघायला लागले. ते खाली बघत होते.

"मी सांगते," मी म्हटलं.

"कसं?"

"लिहून."

"बरं," ती म्हणाली. "त्यांना सांग, हा पण चुकला. नी आमी पण ऐकलं नाय त्यांचं." 'हा' म्हणताना तिनं आपल्या मुलाकडे, रविताच्या वडिलांकडे, हात केला. मुलानं मान वर केली नाही, पण तो नाही असंही म्हणाला नाही.

म्हणून हे लिहिलं, सर. फोटो कुणी पाठवला ते तुम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या अंगणाला आता कळलंय, आणि त्यांचा निरोप हा असा आहे. तुमच्यापर्यंत तो पोचवायची दुसरी रीत मला येत नाही. आभार मानायला हवेत, हेही मला कळतं. तुम्ही मला वाचवलंत. त्यात रविताचं वर्ष गेलं, हे त्या दिवशी तुम्हांला दिसलं नसेल, मलाही दिसलं नाही. पण नंतर, क्रेटवर बसून, तुम्हांला नक्की दिसलं असणार. माझं नाव सांगितलं असतंत तर त्याच रविवारी ती परत आली असती. तुम्ही सांगितलं नाहीत. या गोष्टीचे आभार कसे मानायचे ते मला अजून समजलेलं नाही, आणि या गोष्टीवर तुमच्याशी भांडायचं होतं, तेही राहिलं.

आज सकाळी रविता शाळेत आली. तिच्याबरोबरची मुलं दहावीत गेली, ती पुन्हा नववीत बसली, वर्षानं लहान मुलांमध्ये, तिसऱ्या बाकावर. चौथा तास आता माझ्याकडे दिलाय. हजेरी घेताना तिचं नाव आलं. ती म्हणाली, "हजर." मी पुढचं नाव घेतलं.